चर्चच्या बगीच्याला लावलेला गेरू

आधी माफी मागतो, मग सांगतो. माझं मराठी घरातलं आहे. शाळा हिंदीत झाली, कॉलेज हिंदीत चाललं आहे, आणि मराठी मी शिकलो ते स्वयंपाकघरात आणि बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसून. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी काही लिही, असं मला सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. आमच्या घरातलं आजवर छापून आलेलं लिखाण म्हणजे लग्नपत्रिका. तेव्हा मी लिहावं हाच मुळात आगाऊपणा आहे. कुठे हिंदी शब्द मधे आला, कुठे वाक्य वाकडं गेलं, तर घरचाच मुलगा समजून पुढे वाचावं. या हिवाळ्यात आम्हा काही जणांच्या हातून एक गोष्ट झाली, आणि ती आठवली की मला अजून बसल्या जागेवरून उठावंसं वाटतं. म्हणून लिहितो आहे.

मी जबलपूरच्या रांझीत राहतो. बाबा फॅक्टरीत फिटर आहेत. आजोबा भंडाऱ्याहून येऊन त्याच फॅक्टरीत लागले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याचं आईबाबांना जेवढं कौतुक आहे तेवढीच मला धास्ती आहे. वर्गात मी भिंतीकडेची जागा धरतो आणि उत्तर येत असलं तरी आधी दुसरं कुणी बोलतं का ते बघतो.

दसऱ्यानंतर एकदा आमच्या वर्गात एक बाई आल्या. जुन्या इमारतींची दुरुस्ती हे त्यांचं काम. राइट टाउनात राहतात, घराणं मराठ्यांच्या काळापासून इथलं, आणि त्यांचं मराठी ऐकलं की माझं मराठी मला खिशात घालून ठेवावंसं वाटतं. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना दीदी म्हणतात. दीदींनी पडद्यावर जबलपूरच्याच जागा दाखवल्या, ज्यांच्यासमोरून मी बसने शेकडो वेळा गेलो होतो आणि ज्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, छावणीतल्या सदर बाजाराच्या बाजूला एक जुनं दगडी चर्च आहे, त्याच्याभोवती एक बगीचा होता, तो शोधायचा आहे. मदतीला माणसं हवीत.

मागून कुणीतरी विचारलं, ‘‘सर्टिफिकेट मिलेगा?’’

‘‘मिलेगा,’’ दीदी म्हणाल्या. ‘‘पहले ये बताओ, खुरपी पकड़ना किस-किस को आता है?’’

कॉलेजात आल्यापासून पुस्तकाशिवाय उत्तर देता येईल असा हा पहिलाच प्रश्न होता. माझा हात आपोआप वर गेला. माझ्या पुढच्या बाकावर गढ्याची, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाची, एक मुलगी बसते, जिभेची तिखट. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि तिनेही हात वर केला. नंतर म्हणाली, ‘‘तेरा देख के उठाया. तू कभी हाथ उठाता नहीं, मुझे लगा कोई बढ़िया चीज़ मिल रही होगी.’’

घरी सांगितलं तर आई म्हणाली, ‘‘चर्चमध्ये काय करून राहणार तू?’’

‘‘गवत काढणार.’’

‘‘गवत तर आपल्या मागच्या अंगणातही आहे.’’

बाबा जेवत होते. ते म्हणाले, ‘‘जाऊ दे. कॉलेजवाले सांगून राहिले तर काही कामाचंच असेल.’’ कॉलेज सांगतं ते कामाचं, हा बाबांचा विश्वास माझ्यापेक्षा पक्का आहे.

चर्चच्या आवारात मी कधी पाय ठेवला नव्हता. फाटकाशी मी सायकलवरून उतरलो आणि चप्पल कुठे काढायची ते बघू लागलो. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘‘बेटा, चप्पल पहने रहो, काँटे हैं.’’

त्या आंटी. चर्चच्या मागच्या बाजूला एका लहान घरात राहतात. जन्मभर नर्सची नोकरी केली. आता गुडघे धरलेले असतात, तरी रोज संध्याकाळी एक प्लास्टिकची खुर्ची ओढत आणतात आणि बगीच्यात बसतात. बगीच्यात म्हणजे बकुळीच्या झाडाखाली, कारण बगीच्यातलं तेवढंच उरलं होतं. बाकी सगळं गाजर गवत, रानतुळस, तुटक्या विटा आणि कुणीतरी टाकलेला टिनाचा पत्रा. आंटींचं लहानपण याच आवारात गेलं. त्या वेळी बकुळीभोवती फुलांचे वाफे होते, त्यांना दगडी कड होती. पुढे पाण्याचा पाइप टाकायला सगळं उखडलं, आणि दगड कुणी परत लावलेच नाहीत.

दीदींनी विचारलं, ‘‘आंटी, वाफ्यांचा आकार कसा होता? गोल? चौकोनी?’’

आंटींनी बराच वेळ आठवलं. मग म्हणाल्या, ‘‘बच्चे किनारा नहीं देखते, फूल देखते हैं.’’

आता अडचण सांगतो. चर्चच्या कमिटीला त्या जागेवर गाड्या उभ्या करायला सिमेंटच्या लाद्या बसवायच्या होत्या. कमिटीचे सचिव बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, स्कूटरवर येतात, कधी आवाज चढवत नाहीत. त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं. प्रार्थनेला येणारे बरेच जण म्हातारे, पावसाळ्यात चिखल होतो, गाडी दारापर्यंत येत नाही, मागच्या वर्षी एक आजोबा घसरून पडले. पहिल्याच दिवशी ते आमच्याजवळ आले, चष्मा पुसत चारी बाजूंना पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘‘आप लोग कहते हैं बगीचा बचाना है. ज़रूर बचाइए. पर है कहाँ? मुझे दिखा दीजिए, मैं ख़ुद कमिटी से कहूँगा. नहीं तो क्रिसमस के बाद काम शुरू.’’

ते गेल्यावर आंटी खुर्चीवरून म्हणाल्या, ‘‘जब तक मैं बैठी हूँ, यहाँ गाड़ी खड़ी नहीं होगी.’’ मग थोड्या वेळाने स्वतःशीच हसल्या. ‘‘पर मैं कब तक बैठूँगी?’’

तेव्हा काम एवढंच होतं. नाताळाआधी एका रविवारी प्रार्थनेनंतर कमिटीची माणसं जागा बघायला येणार, त्याआधी त्यांना बगीचा दिसला पाहिजे. नवा नाही, जो होता तो.

आम्ही शनिवारी दुपारी आणि रविवारी प्रार्थना संपल्यावर जायचो. गाजर गवत उपटताना अंगाला खाज सुटायची, गढ्याची मुलगी ओढणीने तोंड बांधून यायची आणि म्हणायची, ‘‘हमको तो बोला था इतिहास बचाना है, ये तो घास है.’’ पण गवताखालून दगड निघू लागले तेव्हा तीच सगळ्यांत आधी ओरडून बोलवायची. लाल-पिवळसर वाळूच्या दगडाचे लांबट तुकडे, हातभर लांब, काही सरळ, काही किंचित वाकलेले. काही मातीत अर्धे, काही कुंपणाच्या भिंतीशी ढीग करून टाकलेले. एक निघाला की आंटी खुर्चीतून टाळी वाजवायच्या. घरी येऊन मी आईला सांगायचो, आज एवढे दगड मिळाले. आई म्हणायची, ‘‘लोक कॉलेजातून नोकरी आणतात, तू दगड मोजून राहिला.’’ पण दुसऱ्या दिवशी तीच विचारायची, ‘‘आज किती निघाले?’’

दगड निघाले, पण कोणता कुठे होता ते काही कळेना. दीदींनी पाइपाच्या आसपास जमीन हळूहळू खणून बघितली, खालचा पाया कुठे सापडतो का ते. पाइप टाकणाऱ्यांनी तोही उपसून टाकला होता. सरळ आणि वाकडे दगड शेजारी ठेवून आम्ही गोल करून पाहिला, चौकोन करून पाहिला. काहीच नीट बसत नव्हतं. नाताळ जवळ येत होता.

कमिटी यायच्या आधीच्या रविवारी दीदींना भोपाळला जावं लागलं. जाताना फोनवर मला म्हणाल्या, ‘‘दगड एका ठिकाणी आणून ठेवा. आणि जागा जरा नीट दिसू दे.’’

जागा नीट दिसू दे. आता आमच्या रांझीत या वाक्याचा अर्थ एकच होतो. फॅक्टरीत मोठे साहेब बघायला येणार असले की आठवडाभर आधी अख्ख्या इस्टेटीत, म्हणजे फॅक्टरीच्या वसाहतीत, गेरू आणि चुना चालतो. रस्त्याच्या कडेच्या विटा एक लाल, एक पांढरी. झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. लहानपणी मला वाटायचं की झाडं उगवतातच तशी. स्वच्छ जागा म्हणजे गेरू-चुना लावलेली जागा, याबद्दल आमच्या घरात कुणालाही कधी शंका आली नाही.

मी घरी नुसतं म्हटलं, ‘‘पुढच्या रविवारी कमिटी बघायला येऊन राहिली.’’

बाबांनी ताट बाजूला केलं. ‘‘म्हणजे इन्स्पेक्शन?’’

‘‘तसंच समजा.’’

‘‘आणि तुम्ही अजून चुना नाही भिजवला?’’

रविवारी दुपारी बाबा मोटारसायकलवर दोन डबे अडकवून चर्चमध्ये हजर झाले. बरोबर फॅक्टरीतल्या त्यांच्या शॉपमधले एक काका, हातात नारळाच्या काथ्याचे कुंचे. चुन्यात बाबांनी डिंक आणि थोडी नीळ घातली होती. मला किती अभिमान वाटला ते मी लपवत नाही. कॉलेजच्या मुलांसमोर माझे बाबा काहीतरी शिकवत होते. आम्ही दगडांवरची माती धुऊन काढली, शेवाळ खरवडलं आणि फाटकापासून चर्चच्या दारापर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना सगळे दगड ओळीने मांडले. वाकडे दगड ओळ बिघडवत होते, ते बाबांनी आलटून-पालटून असे बसवले की लक्षात येऊ नये. मग एक लाल, एक पांढरा. उरलेल्या चुन्यात बकुळीचा बुंधा. त्यावर गेरूचा पट्टा ओढताना गढ्याची मुलगी म्हणाली, ‘‘अंकल, थोड़ा मोटा, दूर से दिखना चाहिए.’’

संध्याकाळी आंटी खुर्ची ओढत आल्या. थांबल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, बकुळीकडे पाहिलं.

‘‘बहुत सुंदर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अब बस कोई हरी झंडी दिखा दे तो गाड़ी निकले.’’

बाबा खूश होऊन हसले. मीही हसलो. चर्चचं आम्ही रेल्वे स्टेशन करून टाकलं, असं आंटी म्हणत होत्या, ते आम्हाला सोमवारी कळलं.

सोमवारी संध्याकाळी दीदी भोपाळहून आल्या त्या सरळ चर्चमध्येच. मी फाटकाशी वाट बघत उभा होतो, शाबासकी मिळणार म्हणून. त्यांनी वाटेकडे पाहिलं आणि हातातली पिशवी तशीच खाली ठेवली. मग अगदी हळू, शुद्ध मराठीत विचारलं, ‘‘हे कुणी केलं?’’

‘‘आम्ही सगळ्यांनी. माझे बाबा आले होते.’’

‘‘झाडालासुद्धा?’’

‘‘हो. नीळ घालून.’’

दीदींनी डोळे मिटले. मग काय झालं कोण जाणे, त्या हसू लागल्या, आणि हसता हसता तिथेच पायरीवर बसल्या. ‘‘अरे, एवढी वर्षं काम करतेय, जुन्या दगडाला लोकांनी ऑइलपेंट लावलेला पाहिला, फरशी चिकटवलेली पाहिली. पण इतक्या प्रेमाने गेरू लावलेला पहिल्यांदा पाहतेय.’’ मग उठून म्हणाल्या, ‘‘चला. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश कुणी हातात घेतला तर हात मोडीन.’’

रात्री बाबांना सांगायचं मी जेवण होईपर्यंत टाळलं. शेवटी म्हटलं, ‘‘बाबा, जुन्या दगडावर काही लावत नसतात.’’

‘‘काहून?’’

‘‘त्याचा रंगच तो. तो दिसला पाहिजे म्हणतात.’’

बाबांनी विचार केला. ‘‘म्हणजे इन्स्पेक्शनला मळकंच दाखवायचं,’’ ते म्हणाले. ‘‘कॉलेजवाल्यांचं काही सांगता येत नाही.’’ पण राग नव्हता त्यात. ‘‘डिंक जास्त घातला मी. निघायला वेळ लागेल. गरम पाणी घे.’’

मंगळवारपासून आम्ही लेक्चर संपलं की चर्चमध्ये. बादल्या, तांबे, दात घासायचे जुने ब्रश. नळाजवळ बसून मी एक पांढरा दगड घासत होतो. वरचा चुना दुधासारखा वाहून गेला, दगडाचा रंग दिसू लागला आणि त्याच्या एका टोकाला काहीतरी पांढरं राहिलं. मी आणखी घासलं. जाईना. मला वाटलं डिंक. मग पाहिलं तर तीन रेघा होत्या, एका बिंदूतून फुटलेल्या. कावळ्याच्या पायासारख्या. इतकी वर्षं त्या खोदलेल्या रेघा माती बसून आणि झिजून दगडाच्याच रंगाच्या झाल्या होत्या. आता त्यात चुना बसला होता आणि त्या लख्ख दिसत होत्या.

मी दगडाचं दुसरं टोक घासलं. तिथे विळा होता.

शेजारी गढ्याची मुलगी गेरूचा दगड धूत होती. ‘‘तेरे में कुछ निकला क्या?’’ मी विचारलं. ती वाकली. तिच्या दगडावर लाल रंगात एका टोकाला मासोळी आणि दुसऱ्या टोकाला तोच विळा.

तिने दीदींना हाक मारली. सगळे जमले. दीदी गुडघ्यावर बसल्या आणि त्या खुणांवरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘पाथरवटाच्या खुणा असणार. आपापल्या कामाची ओळख म्हणून करत असत. कुणाचा विळा, कुणाची मासोळी.’’

मला काहीतरी वेगळं वाटत होतं, पण दीदी बोलल्यावर आपण काय बोलणार. मी पुन्हा नळाशी जाऊन बसलो. एक दगड घासला. दोन टोकांना दोन वेगळ्या खुणा. आणखी एक. त्यालाही दोन टोकांना दोन. एका कारागिराची ओळख असेल तर दोन खुणा कशाला? आणि टोकांनाच का? माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरचा पंखा आला. बाबा तो उघडायच्या आधी प्रत्येक पात्यावर आणि त्याच्या समोरच्या पट्टीवर छिन्नीने सारखी खूण करतात. एकावर एक टिंब, दुसऱ्यावर दोन. परत जोडताना टिंबाला टिंब लावायचं. फॅक्टरीतही कुठलंही मशीन उघडलं की आधी जोडाच्या दोन्ही बाजूंना खूण. लहानपणी टिंबं जुळवायचं काम माझंच असायचं.

मी उठून दीदींच्या मागे जाऊन उभा राहिलो.

‘‘दीदी, चूक असेल तर राहू द्या.’’

‘‘काय रे?’’

‘‘या ओळखीच्या खुणा नाहीत वाटत. जोडायच्या असतील. विळ्याला विळा लावायचा.’’

दीदींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझा दगड आणि गढ्याच्या मुलीचा दगड, दोन्ही उचलायला लावून विळ्याला विळा लावून ठेवले. दोन्ही दगड वाकडे होते. आजवर आम्ही ते एकाच दिशेने वाकवून गोल करत होतो. आता एकाचा बाक आत गेला, दुसऱ्याचा बाहेर, आणि मधला सांधा असा बसला की नखही आत जाईना.

‘‘मासोळी शोधा,’’ दीदी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. ‘‘कुणाकडे मासोळी आहे?’’

मग जे झालं ते लिहायला मला येत नाही. सगळे धावत होते. कुणी दगड घासतंय, कुणी ओरडतंय, ‘‘डमरू! डमरू किसके पास है?’’ कुणी उत्तर देतंय, ‘‘मेरे पास, पर दूसरी तरफ़ त्रिशूल है.’’ आंटी खुर्चीवरून उठून काठी टेकत मधे आल्या होत्या. त्रिशूळ ऐकून थांबल्या. ‘‘हमारे चर्च में त्रिशूल?’’

‘‘आंटी, बनाने वाले तो हमारे ही तरफ़ के रहे होंगे,’’ गढ्याची मुलगी म्हणाली.

‘‘अच्छा किया,’’ आंटी म्हणाल्या. ‘‘फूल तो सबके लिए ही लगाए होंगे.’’

आठवडाभर हेच. वर्गात मी वहीच्या कडेला खुणा काढत बसायचो. शुक्रवारी बाबा सेकंड शिफ्टच्या आधी येऊन गेले. हातात डबा नव्हता. त्यांनी जुळलेला एक सांधा वाकून पाहिला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘फिटिंग चांगली आहे,’’ जसं ते फॅक्टरीतल्या कामाबद्दल म्हणतात तसं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘तू बोलला का हे? सगळ्यांसमोर?’’ मी मान हलवली. मग मोटारसायकल चालू करताना ते किक मारायची विसरून नुसतंच हँडल धरून बसले होते.

शनिवारपर्यंत बकुळीभोवती एक कड तयार झाली. ना गोल, ना चौकोन. आत-बाहेर, आत-बाहेर लाटेसारखी जाणारी. आईने घातलेली करंजीची मुरड जशी असते तशी, फक्त अंगणाएवढी. प्रत्येक मुरडीच्या पोटात एक लहान वाफा. आंटी पाहत राहिल्या, मग काठीने एका खोबणीकडे दाखवून म्हणाल्या, ‘‘यहाँ मैं छुपती थी. पेट अंदर करके.’’ आकार आठवत नव्हता, लपायची जागा आठवत होती.

एकाच ठिकाणी खिंड राहिली. एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला घंटा, आणि पान आणि घंटा असलेला दगड कुठेच नव्हता. सगळं आवार पालथं घातलं. कुंपणाची भिंत तपासली. रविवारी सकाळी आम्ही तशाच खिंडीसकट उभे होतो. आत प्रार्थना चालली होती, बाहेर आम्ही कुजबुजत होतो. बकुळीच्या बुंध्यावर निळसर चुन्याची छटा अजून होती, ती निघता निघत नव्हती.

सचिव नेहमीप्रमाणे ऑफिसच्या दाराशी स्कूटर लावून आत गेले होते. दाराला एक उंच पायरी आहे, तिच्यावर स्कूटर चढवायला खाली एक दगड टेकवलेला असतो. गढ्याची मुलगी त्या दगडाकडे बघत उभी होती. मग तिने पाण्याची बाटली उघडून त्यावर ओतली, खुणा उठून दिसाव्यात म्हणून खिशात ठेवलेला खडू काढून टोकावर घासला आणि तळहाताने पुसला.

पान.

प्रार्थना संपली. कमिटीची माणसं बाहेर आली. सचिव पुढे होते. त्यांनी ती लाटेसारखी कड पाहिली आणि चालता चालता थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. कडेकडेने फिरत आले आणि खिंडीशी उभे राहिले.

‘‘यहाँ का पत्थर?’’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘सर, उस पर आपकी स्कूटर चढ़ती है.’’

ते वळले. दगडाकडे पाहिलं. मग स्वतः जाऊन स्कूटर बाजूला घेतली. बाह्या दुमडून दगडाचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. खाली ठेवताना पानाला पान लागलं, घंटेला घंटा, आणि दगड असा बसला की आवाजसुद्धा झाला नाही. कमिटीतल्या एका आजोबांनी टाळी वाजवली आणि मग बाकीच्यांकडे बघून थांबले.

आम्हाला वाटलं, आता इथेच सांगतील. पण कमिटी म्हणजे कमिटी. सचिव म्हणाले, म्हाताऱ्या माणसांच्या गाड्यांचा प्रश्न राहतोच, मीटिंगमध्ये ठेवावं लागेल, सगळ्यांचं मत घ्यावं लागेल, कळवू. नाताळ झाला. आम्हाला केक मिळाला, बातमी मिळाली नाही. आंटी रोज खुर्ची घेऊन बसत होत्या. दुकानातून लाद्यांचा नमुना येऊन ऑफिसच्या भिंतीशी टेकवून ठेवलेला होता, तो येता-जाता दिसायचा. नवं वर्ष लागलं. गढ्याची मुलगी रोज विचारायची, ‘‘कुछ पता चला?’’ मी नाही म्हटलं की म्हणायची, ‘‘तू पूछता ही नहीं होगा.’’ खरंच मी विचारत नव्हतो. विचारलं आणि नाही म्हणाले तर काय, या भीतीने.

जानेवारीत आत्याच्या मुलीचं लग्न निघालं, भंडाऱ्याला. आम्ही तिघं गोंदियाच्या गाडीने निघालो. नैनपूर सोडलं की जंगल लागतं आणि फोन मुका होतो. आई शेजारच्या बायकांना सांगत होती की मुलगा कॉलेजात आहे आणि दगड जोडतो. बाबा खिडकीशी डुलक्या घेत होते. मी फोन हातात धरून कोपऱ्यातल्या, नेटवर्क नसल्याच्या फुलीकडे बघत बसलो होतो. बालाघाट जवळ आलं तसा फोन थरथरला, मग पुन्हा थरथरला. आंटींचा आवाजी निरोप होता, सकाळी पाठवलेला. मी कानाशी धरला. गाडीच्या खडखडाटात काही कळेना, म्हणून मोठ्याने लावला. बाबा जागे झाले.

आधी नुसता खोकला. मग आंटींचा आवाज, फोन तोंडाच्या फार जवळ धरल्यासारखा.

‘‘बेटा, सुनो. कमिटी ने मान लिया. गाड़ी पीछे वाले फाटक से आएगी, वहीं खड़ी होगी. बगीचा रहेगा. सचिव साहब ने ख़ुद बोला. एक शर्त रखी है उन्होंने, वो बोले ज़रूर बता देना. अगले इतवार गुलाब लगाने हैं, पापा को साथ लाना. डिब्बा घर पर छोड़ के आना.’’